आतल्या गाठीचं हत्यार

मानवतच्या मोंढ्यात हल्ली रोकड दिसत नाही. सोयाबीनचं पोतं काट्यावर चढतं, मापाडी आकडा ओरडतो, मुनीम तो संगणकात भरतो आणि पैसे परस्पर शेतकऱ्याच्या खात्यात जाऊन पडतात. भाऊंच्या काळी असं नव्हतं. (भाऊ म्हणजे माझे वडील, आमच्याकडे वडिलांना तीच हाक.) ज्वारी, करडई, तूर, भुईमूग, सगळ्याचा पैसा नोटांच्या थप्प्यांनी यायचा, दिवेलागणीला गादीवर बसून मोजला जायचा, मांजरपाटाच्या पिशवीत बांधला जायचा आणि कधी परभणीला बँकेत, कधी मानवत रोडला गाडी धरून पुढच्या पेठेला जायचा. स्टेशनाला गावाचं नाव असलं तरी गाव तिथून लांब. मधल्या रस्त्यावर काळी रानं, बाभळी आणि रात्रीचा अंधार. पिशवी मांडीखाली घेऊन बसलेल्या माणसाला तो रस्ता फार मोठा वाटत असणार.

परवान्याच्या अर्जात भाऊंनी कारण लिहिलं होतं ते एवढंच: व्यापारातील रोख रकमेचे व स्वतःचे संरक्षण. घरात मात्र रिव्हॉल्व्हरची गोष्ट वेगळी सांगितली जायची. १९७२ साली पाऊस गेला. माणसं खडी फोडायला गेली, सुकडीवर आणि लाल मिलोवर जगली. त्याच वर्षी कापूस सरकारच्या एकाधिकार खरेदीत गेला आणि खासगी कापूसबाजार बसला. आणि त्याच वर्षाच्या शेवटापासून १९७४ पर्यंत गावात बायका-मुलींचे एकामागून एक खून पडत गेले. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी तपासाला आले, खटला उभा राहिला आणि गावाचं नाव राज्यभर झालं ते कायमचं. २०२४ मध्ये त्यावर मालिकासुद्धा आली. आजही गाडीत कुणी गाव विचारलं आणि मी ‘मानवत’ म्हटलं की समोरचा जरा थबकतो, मग पुढचा प्रश्न बदलून विचारतो. त्या खुनांत बंदूक नव्हती. घरोघर बंदुका असत्या तरी त्यातला एखादा टळला असता असंही वाटत नाही. पण भीतीला एवढा हिशेब कळत नाही. पोरींना अंगणात एकटं सोडायचं नाही, परसाकडे जायचं तर दोघींनी जायचं, या धाकात आईने संसाराची पहिली वर्षं काढली. पुढे भाऊंनी परवान्यासाठी खेटे घालायला सुरुवात केली तेव्हा कागदावर रोकड होती आणि मनात ती दोन वर्षं.

परवाना मिळाला. हत्यार आलं ते वेब्ली अँड स्कॉटचं, बर्मिंगहॅमचं, पॉइंट बत्तीसचं, सहाबारी. कुणा संस्थानी अधिकाऱ्याच्या घरातून दोन हात फिरून आलेलं. काळ्यानिळ्या रंगाचं, मुठीच्या चौकड्या घासून गुळगुळीत झालेल्या. नळीवर इंग्रजी अक्षरं आणि तपासणीचे बारीक शिक्के. मी लहानपणी ते शिक्के भिंगातून पाहत असे. भाऊ हातात देत नसत, स्वतः धरून दाखवत. त्याला तेल लागायचं शिलाई मशीनचं. आईच्या मशीनच्या खणातली ती चोचवाली बाटली महिन्यातून एकदा बैठकीत यायची आणि मग बराच वेळ बैठकीला त्या तेलाचा वास. भाऊंनी ते रिव्हॉल्व्हर कधी झाडलं नाही. रस्त्यावर कुणी अडवलं नाही, दुकानावर कुणी चालून आलं नाही. लग्नाच्या वरातीत मित्रांनी आग्रह केला तेव्हा भाऊ चक्क वरात सोडून घरी आले होते. २०१९ च्या दुरुस्तीने हौसेच्या गोळीबाराला तुरुंगाची तरतूद झाली. भाऊंना त्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागली नाही.

या वेब्लीची एक खुबी होती. घोड्याच्या डाव्या अंगाला एक खटका असतो. अंगठ्याने तो दाबला की नळी पुढे झुकते आणि आख्खं हत्यार मधोमध अडकित्त्यासारखं उघडतं. आत काडतुसं असली तर एक चांदणी वर येऊन सहाच्या सहा एकदम उचलून धरते. नसली तर सहा गोल भोकं. आरपार. डोळ्यापुढे धरा, पलीकडचा चौक दिसतो, तुळशीवृंदावन दिसतं, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं दिसतं.

आईचा त्या हत्याराशी संबंध एवढ्याच एका गोष्टीपुरता होता. खंडेनवमीला आमच्याकडे पाट मांडतात. त्यावर तराजू, मापं, पोती टोचून दाणा काढायची बंबी, खतावणीची वही, आईची विळी आणि कात्री, आणि शेवटी भाऊंचं रिव्हॉल्व्हर. सगळ्यांना हळदकुंकू लागे. रिव्हॉल्व्हरची पाळी आली की आई हात आखडता घेई.

“मोकळं हाय ना?”

“मोकळंच आहे,” भाऊ म्हणत.

“दावा मग.”

भाऊ खटका दाबत. आई ते उजेडाकडे धरायला लावे आणि एक डोळा मिटून सहाही भोकांतून बघे. भाऊंवर तिचा विश्वास नव्हता असं नाही. सगळं गाव त्यांच्या तोंडी शब्दावर माल टाकून जायचं, ती तर त्यांची बायको. पण माणसाचा शब्द वेगळा आणि डोळ्याने बघणं वेगळं, असा तिचा कारभार. बघून झालं की निवांत कुंकू लावी, झेंडूचं फूल ठेवी, आणि फूल ठेवलेलं ते उघडं हत्यार दसऱ्याच्या दुपारपर्यंत तसंच पाटावर असे. पूजा उघड्या रिव्हॉल्व्हरची करायची, हा आमच्या घरचा कुळाचार झाला. कुठल्याही पोथीत तो सापडणार नाही.

भाऊ सत्तरीला आले तेव्हा ते माझ्या नावावर झालं. शस्त्र नियमांत तशी सोय आहे: परवानाधारकाने सत्तर वर्षं पूर्ण केली किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं की वारसाला अर्ज करता येतो. जमीन, दुकान, अडतीचा परवाना आणि रिव्हॉल्व्हर, अशा क्रमाने माझ्याकडे गोष्टी आल्या. त्यांतलं रिव्हॉल्व्हर सोडून बाकी सगळ्यांनी मला त्रास दिला. ते कपाटात पडून असायचं. महिन्याला तेल, वेळ आली की नूतनीकरण, आणि निवडणूक लागली की पिशवीत घालून ठाण्यात जमा. आपल्याकडे परवान्याचं हत्यार असलेल्या माणसाला लोकशाहीचं वेळापत्रक इतरांपेक्षा जरा जास्तच पाठ असतं.

मग ते बदलावंसं का वाटलं? रोकड उरली नाही, भीती जुनी झाली. खरं तर परवानाच परत करायची वेळ होती. पण माणूस तसं करत नाही. गरज संपते तिथून हौस सुरू होते. मोंढ्यातल्या एकाने कमरेला पिस्तूल लावायला सुरुवात केली होती, शर्टाबाहेर अजिबात न दिसणारं. माझं वेब्ली कमरेला लावलं की सहाबारी गोल पोटाला टोचायचा आणि शर्टाला उंचवटा यायचा. त्यात २०२४ च्या लोकसभेआधी ठाण्यात जमा करताना तिथल्या एका तरुण शिपायाने ते हातात घेऊन विचारलं, “काका, हे चालतं का अजून?” त्याच्या मनात काही नव्हतं. तरी मला लागलं.

त्याच उन्हाळ्यात संभाजीनगरच्या एका बंदूकवाल्याकडून कळलं की जिंतूरकडच्या एका निवृत्त गृहस्थांकडे वॉल्थर पीपी आहे, जर्मन, आणि त्यांना ते देऊन रिव्हॉल्व्हर हवंय. आता मूळचं परदेशी हत्यार आपल्याकडे अशाच वाटेने मिळतं. १९८० च्या दशकाच्या मध्यात खासगी आयात बंद झाली, तेव्हापासून देशात जे आहे तेच फिरतंय, या हातातून त्या हातात, दरवेळी जास्त भावाने. कानपूरचा सरकारी कारखाना पॉइंट बत्तीसचं रिव्हॉल्व्हर बनवतो ते वेब्लीच्याच घडणीवर. २०१४ साली त्यांनी अर्ध्या किलोचं ‘निर्भीक’ काढलं, बायकांसाठी म्हणून, सव्वा लाखाच्या आसपास. पण हौशी माणसाचं चित्त जुन्या परदेशी मालावर. मोंढ्यात मी विषय काढला तेव्हा शेजारचा अडत्या म्हणाला, “जगात जर्मनी, भारतात परभणी. दोन्ही एका कमरेला होऊन जाऊ दे.” या म्हणीने आमच्या जिल्ह्यातल्या किती माणसांना खर्चात घातलंय, याचा कुणी तरी हिशेब काढायला हवा.

ते गृहस्थ आले तेव्हा मी कारण विचारलं. त्यांनी उजवा पंजा पुढे केला. सांधे सुजलेले, बोटं एका बाजूला वळलेली. पिस्तुलात पहिली गोळी नळीत जायची तर वरची स्लाइड मागे ओढावी लागते; स्प्रिंग कडक असते. ते आता त्यांना जमत नव्हतं. रिव्हॉल्व्हरला हे ओढणं नाही. “मला आता बोटाने दाबलं की उघडेल असं काही तरी पाहिजे,” ते म्हणाले. माझं वेब्ली त्यांनी उघडलं, मिटलं, परत उघडलं, आणि खूश झाले. मी वॉल्थर हातात घेतलं. चपटं. गार. मूठ अशी की बोटं आपोआप जागच्या जागी. १९२९ साली निघालेली ही घडण. त्यातलं पीपी म्हणजे जर्मन पोलिसांचं पिस्तूल. दोघांनाही वाटलं की फायद्यात आपणच आहोत. अशा वेळी व्यवहार लगेच व्हावा असं वाटतं, पण हत्याराचा लगेच होत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमात म्हटलंय की स्वतःच्या वापराचं हत्यार दुसऱ्याला द्यायचं तर जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवा आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस जाऊ द्या.

हे दिवस सरकारला हवे असतात, घेणारा कोण आहे हे बघायला. देणाऱ्याच्या मनाशी त्यांचा संबंध नाही. तरी मला ते माझ्याचसाठी ठेवलेले वाटत होते. लग्न ठरल्यावर तिथीपर्यंत जसा वेळ मिळतो तसा. त्या वेळात शहाणी माणसं विचार करतात, बाकीची पत्रिका छापतात. मी पत्रिका छापणाऱ्यांतला. चामड्याची नवी म्यान शिवायला टाकली. काडतुसांची चौकशी केली, तेव्हा कळलं की दोन्ही पॉइंट बत्तीसच, पण रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब आणि बुडाला कडा असलेलं, पिस्तुलाचं आखूड. हे त्यात चालत नाही. खडकीच्या कारखान्याची, बुडावर ‘केएफ’ कोरलेली भाऊंच्या वेळची काडतुसं रिव्हॉल्व्हरबरोबरच जाणार होती. तेही मी सहज मान्य केलं. श्रावणात दोघांच्या परवान्यांवर नोंदी झाल्या आणि वेब्ली जिंतूरच्या रस्त्याला लागलं.

आवडतं हत्यार देऊन दुसरं घेण्याची जगातली सगळ्यात गाजलेली गोष्ट याच वॉल्थरची आहे, हे मला नंतर आठवलं. १९५६ साली ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड नावाच्या बंदूकवेड्या वाचकाने इयान फ्लेमिंगला पत्र लिहून कळवलं की तुमच्या जेम्स बाँडचं ते पॉइंट पंचवीसचं बेरेटा हे पुरुषाचं हत्यार नव्हे. फ्लेमिंगने मनावर घेतलं. १९५८ च्या ‘डॉ. नो’ कादंबरीत बाँडचा वरिष्ठ त्याला बेरेटा सोडायला लावतो आणि हातात वॉल्थर पीपीके देतो. पीपीके म्हणजे माझ्या पीपीचाच धाकटा भाऊ. १९६२ च्या सिनेमात तर बाँड निघताना जुनं बेरेटा गुपचूप बरोबर न्यायला बघतो आणि वरिष्ठ त्याला दारातच अडवतो. तो प्रसंग मी पूर्वी हसत पाहिला होता. आता पाहिला तेव्हा सगळं लक्ष त्याच्या हाताकडे: बेरेटा टेबलावर ठेवतानाचा हात. गंमत अशी की बूथरॉइडने बाँडसाठी सुचवलं होतं ते मुळात रिव्हॉल्व्हर. पिस्तूल फ्लेमिंगने दिलं. आणि आणखी एक: बाँडचं पीपीके पॉइंट बत्तीसचंच असल्याने आपल्याकडे ते मनाई नसलेल्या बोअरमध्ये बसतं. नऊ एमएमचं असतं तर परवान्यासाठी त्याला दिल्लीत खेटे घालावे लागले असते. हे परभणीच्या कलेक्टर कचेरीत झालं असतं.

आणि दिलेल्या हत्यारामागे मन लावून बसण्यात मी एकटा नाही. सगळा महाराष्ट्रच दीडशे वर्षं बसलाय. १८७५-७६ च्या दौऱ्यात कोल्हापूरच्या अल्पवयीन छत्रपतींकडून जगदंबा तलवार प्रिन्स ऑफ वेल्सला नजर झाली. पोरवयाच्या राजाला त्या भेटीत ‘नाही’ म्हणायची कितपत मुभा असेल, हे सांगायला नको. ती आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. १९८० साली मुख्यमंत्री अंतुल्यांनी भवानी तलवार परत आणण्याची घोषणा केली तेव्हा भाऊंच्या दुकानात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. २०२४ च्या जुलैत लंडनच्या संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली, तीन वर्षांच्या बोलीवर. ती महाराजांचीच, असं ते संग्रहालयसुद्धा छातीठोकपणे सांगत नाही. तरी लोक रांगा लावून गेले. खरं-खोटं तज्ज्ञांनी बघावं. रांगेतला माणूस मला कळतो.

वॉल्थरला नावं ठेवायला मला जागा सापडत नाही, हीच अडचण आहे. वजनात उन्नीस-बीस. मॅगझिनमध्ये आठ गोळ्या, म्हणजे दोन जास्त. शर्टाखाली दिसत नाही. सेफ्टी लावली की घोडा आपोआप खाली बसतो आणि गोळी सुटत नाही. तेल मात्र तेच, शिलाई मशीनचं, पण भाग जास्त. मी ते जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून उघडतो आणि स्प्रिंग परत घालताना दरवेळी एकदा तरी ती खोलीभर उडते. तेही चालवून घेतलं असतं.

खरी गोष्ट उमगली ती खंडेनवमीला. पाट मांडला. तराजू, बंबी, वही, विळी. भाऊ आता नाहीत. पूजा मी सांगतो आणि आई करते. पिस्तुलापाशी तिचा हात थांबला.

“मोकळं हाय ना?”

मी बटण दाबून मॅगझिन काढलं, रिकामं दाखवलं.

“हे झालं डब्याचं. अन् ह्याच्यात?”

तिला हत्यारातलं काही कळत नाही, पण प्रश्न नेमका होता. मॅगझिन काढलं तरी नळीच्या बुडाशी एक गोळी राहू शकते. पिस्तुलाने होणाऱ्या घरगुती अपघातांचं ते जुनं कारण आहे. मी स्लाइड मागे ओढली आणि आतली जागा दाखवली. आई वाकली. काचबिंदूचे डोळे, आत काळोख. तिला नीट दिसावं म्हणून मी स्लाइड धरून ठेवली, पण या पिस्तुलाची स्लाइड मॅगझिन नसताना मागे अडकून राहत नाही. हात जरा सैल पडला आणि खाडकन मिटली. आई दचकून मागे झाली. दारातून बघणारी नातवंडं हसली. मी तिला समजावलं की जर्मन माणसाने यालाही उपाय केलाय: आत गोळी असली की घोड्याच्या वर एक बारीक टाचणी बाहेर येते, अंधारात बोटाला सुद्धा लागते, ती आली नाही म्हणजे आत काही नाही.

“टाचणी आली नाही म्हणजे मोकळं?”

“हो.”

“अन् टाचणीच बिघडली असली तर?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जर्मनीकडेही नसावं.

“भाऊंचं उघडलं की आभाळ दिसायचं,” ती म्हणाली. “हे आतल्या गाठीचं हाय. तू म्हणतोस म्हणून मोकळं.”

भाऊंच्या शब्दावर जी बाई एक डोळा मिटून खात्री करून घ्यायची, तिला मी माझ्या शब्दावर विसंबायला सांगत होतो. ते हत्यार मला इतकं का आवडायचं, ते मला त्या पाटासमोर कळलं. बर्मिंगहॅमचं होतं म्हणून नाही, भाऊंचं होतं म्हणूनही पुरतं नाही. हत्यार घरात ठेवणाऱ्या माणसाला दिवसातून दहा वेळा जे सिद्ध करावं लागतं, ते रिव्हॉल्व्हर माझ्या वतीने करत होतं. बायकोला, पोरांना, ठाण्यातल्या जमादाराला, कुणालाही, खटका दाबला की काही सांगावं लागायचं नाही. झाडण्याची वेळ आमच्या घरात दोन पिढ्यांत आली नाही. मोकळं असल्याचं दाखवण्याची वेळ मात्र रोजची होती. मी मोजून बघितल्या त्या गोळ्या: सहा की आठ. मोजायला हवी होती ती भोकं.

वॉल्थरची घडण वाईट नाही, हे परत सांगतो. हातात धरून समोर रोखणाऱ्यासाठी ती केलेली आहे, आणि तिथे ती चोख आहे. रांगेने घरात झोपलेल्या माणसांसाठी कुठल्याच कारखान्यात हत्यार बनत नाही. बर्मिंगहॅमवाल्यांनीही तसा विचार केला नसेल. त्यांना घाईत काडतुसं भरता यावीत एवढंच हवं होतं. आभाळ दिसणं हा आमचा उपयोग.

आईने शेवटी तोड काढली ती तिची तिने. मॅगझिन उचलून उजेडाकडे धरलं. त्याच्या बाजूला गोळ्या मोजता याव्यात म्हणून बारीक भोकं असतात. त्यांतून पलीकडचं दिसलं. तिने त्यालाच कुंकू लावलं, त्याच्यावरच झेंडू ठेवला. पिस्तूल पाटावरून उचलून माझ्या हातात दिलं. “हे कपाटात ठेव.” आमच्या घरी त्या वर्षी मॅगझिनची पूजा झाली. बायको म्हणाली, फोटो काढून ठेवा. मी काढला नाही.

दसरा झाला आणि दोन-तीन दिवसांतच विधानसभेची आचारसंहिता लागली. पिस्तूल पिशवीत, पिशवी ठाण्यात. टेबलावरचा शिपाई तोच. या वेळी त्याने ‘चालतं का’ विचारलं नाही, उलट कौतुकाने बघितलं. “खाली आहे ना?” म्हणाला. मी मॅगझिन काढलं, स्लाइड ओढली, धरली. त्याने न बघताच ‘बरं’ म्हणून नोंद केली. मला ते अजिबात आवडलं नाही.

जिंतूरच्या गृहस्थांना फोन केला तो त्यानंतर. निमित्त काडतुसांच्या नोंदीचं होतं. त्यांचंही रिव्हॉल्व्हर त्यांच्या ठाण्यात जमा. म्हणजे दोघांच्याही कपाटांत काही नाही आणि आम्ही एकमेकांना मालाची खुशाली विचारतोय. ते फार समाधानात होते. म्हणाले, रात्री झोपायच्या आधी एकदा उघडून बघायची सवयच लागलीय. मंडळीही म्हणतात, दाखवा बघू. “तुमच्याकडे असं काही होतं का हो?”

होतं म्हणालो. मग धीर करून विचारलं, परत फिरवायचं का? नोटीस, दिवस, नोंदी, सगळा खर्च माझा.

ते हसले. वाईट वाटेल असं नाही. “अहो, मला ते ओढवत नाही म्हणून तर दिलं. परत घेऊन मी काय त्याची पूजा करू?”

तीही आमच्याकडे जमली नाही, असं सांगावंसं वाटलं, पण फोनवर एवढं सगळं कुठे सांगत बसणार. तेवढ्यात त्यांनी विचारलं, सोयाबीन काय म्हणतंय तुमच्या मोंढ्यात. हमीभाव ४,८९२ जाहीर झालाय, म्हणालो, आणि आमच्याकडे त्याच्या बऱ्याच खाली सौदे तुटतायत. मग ठेवावं का विकावं यावर आम्ही बराच वेळ बोललो. ठेवा, असं मी त्यांना सांगितलं.